झाकणावरचे पंधरा काप

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी झाकण आहे. भाताच्या हंड्यावर बसण्यासाठी मला ओतले होते, पण आज सोलमधल्या एका महागड्या हॉटेलात मी उताणे पडून डुकराचे मांस भाजते. खरे सांगते, मला या कामाची शिसारी आली आहे.

पूर्वी मी एका खेड्यातल्या चुलीवर होते. माझ्याखाली भात रटरटायचा, कडेने वाफ सुटायची आणि घरातली सून फडक्याने मला उचलायची. मग विजेचा कुकर आला. मी अंगणात कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यावर पडून गंजले. एका भंगारवाल्याने मला इथे आणले. इथे मला घासूनपुसून ‘शंभर वर्षांचे झाकण’ म्हणून मिरवतात. माझे वय साठही नाही!

इथल्या कच्च्या मांसाच्या ताटात वर चार तांबूस काप मांडतात आणि खाली नुसती पांढरी चरबी दडवतात. तिचा बुळबुळीत ओघळ दिवसभर माझ्या अंगावरून वाहतो. पाहुणे चघळलेली कूर्चा माझ्याच कडेवर ठेवतात. शी!

गेल्या रविवारी जेजू बेटावरून बू मान्सक नावाचे संत्र्यांचे बागाईतदार आले. त्यांच्या लेकीचे, सोल्हेचे, लग्न ठरायचे होते. मुलाची आई मेंगबाई यांनी दोन्ही घरांची पहिली भेट मुद्दाम इथे ठेवली होती.

“बाबा, आज काही बोलू नका हं,” सोल्हे कुजबुजली.

मांस भाजणाऱ्या दोक्सुनबाईने मॅनेजरच्या खुणेसरशी तांबूस काप मेंगबाईंना वाढले. बूंच्या ताटलीत चरबी पडली.

“खा व्याहीबुवा, लाजू नका. तुमच्याकडे डुकरं असतील, पण असं जेवण कुठलं!” मेंगबाई म्हणाल्या.

बूंनी चरबीचा गोळा गिळला. लेकीसाठी दुसराही गिळला.

“सोल्हेलाही सवय होईल,” मेंगबाई हसल्या. “आमच्याकडे सून उरलंसुरलं आनंदानं खाते.”

बूंनी दोक्सुनबाईकडून मांस कापायची कात्री मागून घेतली.

“अहो, हे काय? ते नोकरांचं काम!”

“विहीणबाई, आमच्या गावात लग्नाचं मांस चाळीस वर्षं मीच कापतोय. नवऱ्याच्या आईला तीन काप, भांडी घासणारीलाही तीनच. गावप्रमुखानं चौथा मागितला, तर त्यालाही हाकलतो.”

माझ्यावर उरलेले मांस त्यांनी असे कापले, की प्रत्येक कापात तांबूस आणि पांढरे सारखेच आले. पंधरा काप, पाच ताटल्या. पाचवी दोक्सुनबाईची.

मेंगबाईंनी नाक मुरडले. त्यांचा मुलगा ग्युवन, सोल्हेचा होणारा नवरा, शेजारीच बसला होता. सोल्हे त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हात लांब करून दोक्सुनबाईच्या ताटलीतले तिन्ही काप उचलले आणि आईपुढे ठेवले.

“आई, रागावू नकोस ना. त्यांना इथली रीत माहीत नाही.”

सोल्हे उठली. स्वतःची ताटली तिने दोक्सुनबाईच्या हातात दिली.

“मावशी, तुम्ही खा. बाबा, चला. तुम्हाला गप्प बसवलं, चुकलंच माझं.”

बूंनी कात्री पुसून ठेवली आणि लेकीचा कोट हातात घेतला.

मित्रांनो, लोखंडाची निगा सोपी असते. कोरडे पुसा, तेलाचा हात फिरवा, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण जेवायला बसाल तेव्हा वाढणाऱ्या माणसाला विचारा, तुम्ही जेवलात का? दहा वर्षांत दोक्सुनबाईला ते कोणी विचारले नव्हते. तिने ते तीन काप भिंतीकडे तोंड करून, घाईघाईने खाल्ले.