माझ्या पोटातल्या जुळ्या

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि माझ्या पोटात जुळ्या आहेत. हसू नका. दोन सिमांचा प्रत्येक मोबाईल असाच असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश एवढं दाबलं की त्याच्या काचेवर दोन लांबलचक आकडे एकाखाली एक येऊन उभे राहतात. ते आमचे जन्माचे आकडे, एकेका सिमसाठी एकेक. मला स्वतःला हे बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. सगळं सुरळीत चाललेलं असलं की आपल्या पोटात काय आहे, याची चौकशी कोण करतं?

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवतो तो किर्गिझस्तानातल्या ओश शहराचा बाजार आणि त्यातलं लोखंडी डब्यात थाटलेलं मोबाईलचं दुकान. तिथे मी कितीतरी दिवस इतर मोबाईलांच्या मागे पडून होतो. माझा कॅमेरा बेताचा, अंग जाड, रंगही काही डोळ्यांत भरण्यासारखा नाही. लोक मला उचलायचे आणि परत ठेवायचे. मग एक दिवस कोपरापर्यंत पिठाने माखलेला एक माणूस आला. तो अब्दुमालिक, तंदूरवाला. नान भाजण्यात त्याचा हात धरणारं त्या मोहल्ल्यात कुणी नव्हतं.

"मुलीला कॉलेजात जायचंय," तो दुकानदाराला म्हणाला. "फोन फार शहाणा नको. आवाज खणखणीत पाहिजे."

दुकानदाराने एकामागून एक मोबाईल वाजवून दाखवले. माझी पाळी आली तेव्हा शेजारच्या दुकानातल्या बाईने कानांवर हात ठेवले. अब्दुमालिक खूश झाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

असा मी झेबोचा झालो. झेबो त्याची एकुलती एक लेक, आईविना वाढलेली. ती परिचारिकेचं शिक्षण घेत होती. मी तिच्या खिशातून कॉलेजात जायचो आणि संध्याकाळी तंदूरशेजारच्या खुंटीवर लटकायचो. एकदा तिथून पडलो आणि माझ्या काचेला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला. तो अजून आहे. आवाजाच्या भोकांत पीठ बसलं, तेही अजून आहे. त्यामुळे माझा आवाज थोडा घोगरा झाला, पण त्याची ताकद कमी झाली नाही.

पुढे झेबोचं लग्न ठरलं ते सीमेपलीकडे, उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमध्ये. नवरा इल्होम रेशमाचा विणकर, बोलायला कमी आणि हसायला तयार. तिकडे मुलीच्या वरातीबरोबर आईबाप जात नाहीत. अब्दुमालिक दारातच उभा राहिला. "रोज फोन करीन," तो म्हणाला, "तंदूर निवला की."

मर्गिलानमध्ये मला दुसरं सिम मिळालं. ते खालच्या घरात बसलं. ओशचं सिम वरच्या घरात तसंच राहिलं. सीमेच्या या बाजूला त्याला रेंज नव्हती, पण झेबोने ते काढलं नाही. रोज दुपार कलली की मी वाजायचो आणि ती हात पुसत धावत यायची. तिकडे वडिलांना दादा म्हणतात. "दादा, आज पीठ कसं फुगलं?" असा तिचा पहिला प्रश्न असे. अब्दुमालिककडे साधा बटणांचा फोन होता. त्यात ना चित्रं, ना इंटरनेट. त्याला सगळ्या जगातला एकच नंबर पाठ होता, तो झेबोचा.

झेबोची सासू हाकिमा, नावाप्रमाणेच हाकिम. ती रेशमाचे धागे रंगवायची. तिचे हात मनगटापर्यंत निळे असायचे आणि आवाज जवळजवळ माझ्याएवढा. मनाने वाईट नव्हती हो. पण मी वाजलो की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "केलिन इथे आणि तिचे कान ओशमध्ये. मीठ कुठल्या बरणीत आहे हे हिला कधी कळायचं?" केलिन म्हणजे सूनबाई.  मग हळूहळू झेबो मला घेऊन अंगणाच्या टोकाला जाऊन बोलू लागली.

मग एक दिवस माझ्यावर सरकारी संदेश आला. परदेशातून आणलेल्या मोबाईलची नोंदणी करावी लागते. मुदतीत झाली नाही, तर इथलं सिम त्यात चालणार नाही. इल्होम म्हणाला, तडा गेलेल्याची कशाला नोंदणी, नवाच घेऊ. तो प्रेमानेच म्हणाला, पण माझ्या काळजात धस्स झालं. झेबोने मला ओढणीच्या टोकाने पुसलं आणि सांगितलं, "हा दादांनी आवाज ऐकून घेतलाय."

यावर हाकिमाने हातातले धागे खाली ठेवले. मग उठली. "आण इकडे. माझ्या सुनेचा फोन आहे, मी नोंदवून आणते."

आता मुख्य गोष्ट. हाकिमाला जुळ्या मुली होत्या, लग्नाच्या वयाच्या. मर्गिलानमध्ये जुळ्या मुली झाल्या की नावं शोधत बसायचं नसतं. आधी जन्मली ती फातिमा, नंतरची झुहरा. ठरलेलंच असतं. झुहराने माझी बटणं दाबून ते दोन आकडे काढले आणि ती ओरडलीच. "ओयी, यात आम्ही दोघी आहोत बघ! वरची फातिमा आणि खालची मी." ओयी म्हणजे आई. तेव्हापासून त्या घरात माझ्या आकड्यांना हीच नावं पडली.

जुळ्यांची तिथली रीत अशी की एकीला जे मिळेल ते दुसरीला मिळालंच पाहिजे, नाहीतर दुसरीला दृष्ट लागते. कापडाच्या दुकानात हाकिमा नुसतं "फातिमाचा सदरा" म्हणायची आणि दुकानदार न विचारता दोघींचं कापड फाडायचा. शेजारीण "फातिमाला दे" म्हणून दोन डाळिंबं धाडायची. इतक्या वर्षांत झुहराचं वेगळं नाव घ्यायची वेळ हाकिमावर आली नव्हती.

कचेरीत खिडकीमागे एक नवा तरुण होता. ताशकंदहून बदलून आलेला, शिष्टाचाराने बोलणारा. हाकिमाने मला त्याच्यापुढे धरलं आणि निळं बोट वरच्या आकड्यावर ठेवलं. "ही फातिमा. हिची नोंद करायची."

"आणि खालचा, खाला?" त्याने विचारलं. वयाने मोठ्या बाईला तिकडे खाला म्हणतात.

"हिचं झालं की तिचं झालंच."

तरुणाने मान डोलावली. तो समजला, खालच्याचं आधीच झालंय. हाकिमा समजली, दोघींचं झालं. दोघांनी एकमेकांना दुवा दिल्या आणि आम्ही घरी आलो. ओशचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या बाईने नेमकं ओशवालीचं घर नोंदवून आणलं होतं. मर्गिलानवाली बिचारी बेनाव राहिली होती. मला यातलं काहीच कळलं नाही. मी आपला छाती फुगवून कोनाड्यात बसलो.

थोड्याच दिवसांनी अब्दुमालिकने फोनवर सांगितलं की तो लेकीचं घर बघायला येतोय. पहिल्यांदाच. "माझा फोन काही सीमेपलीकडे चालत नाही," तो म्हणाला. "मर्गिलानला पोचलो की ड्रायव्हरच्या फोनवरून तुला लावीन. तू त्याला गल्ली सांग." झेबोने फोन ठेवला आणि अंगण दोनदा झाडलं.

आणि नेमकी तो यायच्या दिवशी सकाळी माझी मुदत संपली.

मी डोळे उघडले तर रेंज नाही. झेबोने मला बंद केलं, चालू केलं, फुंकर मारली, सिम काढून परत घातलं. माझं मोठ्या मापाचं सिम घरातल्या दुसऱ्या कुठल्या फोनात बसेना. मी मुकाच. मित्रांनो, आवाजासाठी विकत घेतलेल्या माझ्यासारख्याला याहून मोठी शरम कुठली? तिकडे अब्दुमालिक निघालेला होता. इल्होमच्या फोनवरून त्याचा फोन लागेना. त्याला पत्ता एवढाच ठाऊक होता, मर्गिलान, विणकर इल्होम. आणि मर्गिलानच्या बाजारात इल्होम विणकर म्हणून हाक मारली तर अर्धी गल्ली मागे वळून बघेल.

इल्होम गाड्यांच्या तळाकडे धावला. फातिमा आणि झुहरा गल्लीच्या दोन टोकांना जाऊन उभ्या राहिल्या. झेबो चुलीपाशी मला मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ते परत जातील, ओयी," ती म्हणाली. "मी उचलत नाही असं त्यांना वाटेल आणि ते परत जातील."

हाकिमाने पुलावाच्या कढईखालचा जाळ कमी केला. "ऊठ," ती म्हणाली. सुनेचा हात धरून ती अशी निघाली की चपला रस्त्यात घातल्या.

कचेरीत तोच तरुण होता. हाकिमाने त्याला आधी भरपूर सुनावलं. नोंद केली म्हणतोस आणि फोन मेला कसा? त्याने बिचाऱ्याने मला हातात घेतलं, आकडे काढले, आपल्या पडद्यावर पाहिले. "खाला, वरचाच नोंदवलाय. सिम आहे खालच्या घरात. तुम्हीच म्हणालात, तिचं झालंय."

"झालंय नाही म्हटलं. झालंच म्हटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे फातिमाला दिलं की झुहराला मिळतंच की रे! सगळ्या गावाला माहीत आहे."

तरुणाने तिच्याकडे पाहिलं, मग झेबोकडे. "गावाला असेल, खाला. कॉम्प्युटरला कुणी सांगितलं नाही."

 मग झेबोला हसू फुटलं. डोळे ओले, नाक लाल, आणि ती तोंडावर हात ठेवून हसतेय. मला वाटलं, आता हाकिमा कडाडणार. पण तिने आपल्या निळ्या हाताने स्वतःच्याच कपाळावर मारलं आणि तीही हसत सुटली. कपाळावर रंगाचा ठसा उमटला. तो तिला संध्याकाळपर्यंत कुणी सांगितला नाही.

"लिही बाबा," ती म्हणाली. "झुहराचं वेगळं लिही. मोठ्या अक्षरात."

त्याने लिहिलं. आता थोडी वाट बघा म्हणाला. आम्ही कचेरीच्या पायरीवर बसलो. सासूच्या हातात मी आणि सुनेची नजर माझ्यावर. इतकं टक लावून मला पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं, कारखान्यातून निघालो तेव्हाही नाही. आणि मग माझ्या काचेच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ उमटली. मग दुसरी. मग मी वाजलो. पीठ बसलेल्या घशाने, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून वाजलो. रस्त्यापलीकडचं गाढव दचकून बाजूला झालं.

"झेबो?" अब्दुमालिकचा आवाज आला. "अगं, केव्हाचा लावतोय. आतली बाई म्हणते, असा फोनच नाही. मी तिला सांगतोय, कसा नाही, मीच घेतलाय!"

झेबोने मला सासूच्या हातातून ओढून घेतलं आणि ती नुसतं "दादा, दादा" म्हणत राहिली. हाकिमाने मला परत घेतलं आणि ड्रायव्हरला रस्ता सांगायला सुरुवात केली. मोठ्या तुतीच्या झाडाशी वळा, पाणपोईशी परत वळा, निळे हात हलवणारी बाई दिसली की थांबा. ती एवढ्या मोठ्याने सांगत होती की फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

अब्दुमालिक उतरला तो छातीशी भलं मोठं गाठोडं धरून. झेबो त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. त्याच्या कोटाला अजून तंदूरचा वास होता. मग जेवणाचं दस्तरखान जमिनीवर अंथरलं, गाठोडं सुटलं, आणि त्यातून नान निघाले, मधोमध ठसा उमटवलेले, काठाला फुगलेले. तिकडे पाहुण्याने नान नेहमी जोडीने न्यायचे असतात. हाकिमा एकेक जोडी लावत गेली आणि शेवटी एक नान एकटाच उरला.

अब्दुमालिक ओशाळला. "त्याचा जोडीदार ड्रायव्हरला दिला," तो म्हणाला. "त्याने फार फिरवलं हो मला, पण कुरकुर केली नाही."

हाकिमा तो एकटा नान हातात घेऊन उभी राहिली. "इल्होम, धाव. त्या ड्रायव्हरला घेऊन ये. पुलाव खाऊ दे आणि हाही घेऊन जाऊ दे. एकीला दिलं आणि दुसरी राहिली, असं या घरात पुन्हा व्हायचं नाही."

ड्रायव्हर लाजत आला आणि पोट भरून जेवला. कढईचा तळ दिसला तेव्हा हाकिमाने मला कोनाड्यातून काढून अब्दुमालिकपुढे ठेवलं.

"व्याही, याच्यातलं तुमच्याकडचं कार्ड इथे चालत नाही म्हणते ही. ते कसं चालू करायचं तेवढं तिकडे विचारून या. खर्च होईल तो होऊ दे," ती म्हणाली. "सून एकाच घरात नोंदवली की काय होतं, ते मी आज सकाळी पाहिलं."

झेबोने मान खाली घातली. पण मी तिच्यासमोरच होतो आणि मला तिचा चेहरा दिसत होता. त्या दिवसापासून ती अंगणाच्या टोकाला गेली नाही. मी वाजलो की ती घराच्या मध्यावर बसून बोलते, आणि हाकिमा पलीकडून ओरडून विचारते की पीठ कसं फुगलं.

मित्रांनो, आता झेबोकडे नवा मोबाईल आहे. मी चहाच्या किटलीला टेकून कोनाड्यात असतो, फक्त ओशच्या फोनासाठी. माझी बॅटरी लवकर दमते, तरी माझी तक्रार नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा जुना मोबाईल असेल, त्याला फडक्याने पुसत जा, जमिनीवर आपटू नका. आणि त्याला घेऊन परक्या देशात राहायला गेलात, तर त्याचे आकडे काढून नीट बघा आणि दोन्ही लिहा. त्याच्याबरोबर दूरच्या गावाहून एखादी सून तुमच्या घरी राहायला आली असेल, तर तिचीही दोन्ही गावं विचारा. एवढं केलंत की आम्ही दोघंही तुमच्याकडे आनंदाने वाजत राहू.