चुलीत हरवलेली उत्तर दिशा

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. पण दौलताबादच्या काळ्या पाषाणाचा मी भाऊबंद नव्हे. माझा जन्म दूर पूर्व विदर्भातल्या एका लोखंडाच्या डोंगरात झाला. जमिनीच्या पोटातल्या दाबानं आणि उष्णतेनं माझं मूळ रूपच पालटलं. पुढं थंड होताना माझ्यातले लोहकण पृथ्वीच्या चुंबकत्वानं जसे वळले, तसेच युगानुयुगं राहिले. ती दिशा हीच माझी आठवण.

एके दिवशी भिकन सर आले. देवगाव रंगारीच्या मेंढपाळाचे चिरंजीव, औरंगाबादच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. खनिज जवळ येईल तसं दगडांचं चुंबकत्व कसं बदलतं, याचा ते शोध घेत होते. ते कळलं, तर खनिजासाठी डोंगर उगाच पोखरावे लागणार नव्हते. त्यांनी आधी माझ्या पाठीवर उत्तरेकडं पांढरा बाण काढला, मगच छिन्नी लावली. प्रयोगशाळेत होकायंत्राची सुई माझ्याकडं वळली, की ते पोरांना म्हणत, "बोलतो बरं का हा!" मला केवढा अभिमान वाटे!

पुढं आमचा डोंगर खाणीनं गिळला. त्या जागेचे साक्षीदार म्हणून आम्ही मूठभर दगडच उरलो. अशात सरांचा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांनी आमची फेरमोजणी मागितली. त्याच सुमारास त्यांची आई बानाबाई वारली. सर गावी गेले आणि इकडं कॉलेजात आमची खोली रिकामी करणाऱ्यांनी आम्हांला भरावाच्या ट्रकमध्ये फेकलं.

वाळूजच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या सखूबाईनं मला चुलीला लावलं. रोजच्या निखाऱ्यांनी मी लाल होई. तिची लेकरं पोटभर जेवत. माझे लोहकण मात्र जुनी दिशा सोडत गेले.

सर शोधत शोधत तिथं पोचले. पांढरा बाण जाळात गेला होता, पण अंगावरच्या जन्मजात पट्ट्यांवरून मला ओळखून ते चुलीपुढं बसले.

"न्या की सर," सखूबाई ओशाळून म्हणाली. "मी दुसरा मांडते. लई दगडं हायेत इथं."

"नको बाई. जाळानं समदं पुसलं. आता याला काय इचारू?"

"मला काय ठावं, सर?"

"तुमची चूक नाय."

त्यांनी माझ्यावर हात ठेवला. चटका बसला, तरी काढला नाही. बाकीचे दगड तोवर काँक्रीटखाली गेले होते. सरांनी तो अभ्यास कायमचा सोडला.

बांधकाम संपलं, सखूबाई दुसऱ्या कामावर गेली, आणि आता मी तिथंच बजाजनगरात एका भिंतीकडेला पडून आहे. मित्रांनो, कुणी खूण केलेली वस्तू दिसली, तर फेकण्याआधी एवढंच विचारा, हे कुणाचं आहे? माझ्या वेळी तेवढं विचारायला कुणी थांबलं नाही.