जसीलाची पाच पुस्तकं

आठ पायांचा कोळी आपलं जाळं कसं विणतो हे सांगणारं पुस्तक म्हणजे पुस्तकच नव्हे, असं श्रीधरन नंबियार यांनी आमच्या वाचनालयाच्या अंगणात चारचौघांसमोर सांगितलं. ते वाचनालयाचे अध्यक्ष. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. माझा चहा बशीत सांडला.

वाचन सप्ताहात आमच्या गावात एक रीत आहे. मुलं आपली सगळ्यात आवडती पाच पुस्तकं घेऊन येतात, अंगणात चटई टाकून ती मांडतात आणि मागे बसतात. येणारा-जाणारा कुणीही समोर उकिडवा बसून काहीही विचारतो. शेवटी आम्ही तीन परीक्षक एकाला निवडतो आणि त्या मुलाला वर्षभर मोठं कपाट खुलं होतं. एरवी अठरा वर्षांखालच्यांसाठी खिडकीखालचं बुटकं कपाट, बस्स.

सातवीतल्या जसीलाचं बुटकं कपाट कधीच वाचून संपलं होतं. रोज संध्याकाळी ती मोठ्या कपाटाच्या काचेला नाक लावून, मान वाकडी करून पुस्तकांची नावं वाचत उभी राहायची.

"माश, ते निळं पुस्तक कशाबद्दल आहे?"

मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावाला मी अजून माशच, म्हणजे मास्तर. म्हटलं, "समुद्राच्या तळाबद्दल."

"किती खोल असतो?"

"आता आठवत नाही गं."

"वाचलंय आणि आठवत नाही?" मीच नापास झाल्यासारखं ती माझ्याकडे बघायची.

यंदा तिला ते कपाट हवंच होतं. तिच्या चटईवर एक कादंबरी होती, हरवलेलं बदक शोधायला नदीच्या उगमाकडे निघालेल्या मुलीची. एक रहस्यकथा होती, शेवटचं पान फाटलेली. बाकी तीन म्हणजे कोळ्यांवरचं पुस्तक, जांभ्या दगडात विहिरी खोदणाऱ्या एका माणसाने लिहिलेले अनुभव आणि आखातात नोकरी केलेल्या एका नर्सच्या आठवणी.

कुंजंबू रिक्षा बाजूला लावून तिच्यासमोर बसला. "शेवटचं पान नाही, मग खुनी कोण?"

"डॉक्टर."

"कशावरून?"

"सगळ्या पुस्तकात तो एकदाही चहा पुरा पीत नाही. उठून जातो."

"अगं, मग मीपण खुनीच! एक घोट घेतला की भाडं येतं!" कुंजंबू म्हणाला आणि लोक हसले.

तेवढ्यात नंबियार आले. ते उकिडवे बसत नाहीत. उभ्यानेच त्यांनी काठीच्या टोकाने विहिरींचं पुस्तक सरकवलं.

"हे काय? विहिरी खोदायला जाणार आहेस?"

"नाही सर. वाचायला आणलंय."

"यात वाचण्यासारखं काय आहे?"

"तो माणूस चुकतो," जसीला म्हणाली. "सगळ्या गावाला सांगतो, इथे खोदा, पाणी लागेल. आणि लागत नाही. आता लोक त्याचं काय करतील, म्हणून मला रात्री झोप येईना. बदकाच्या गोष्टीतही अशीच झोप येत नव्हती. फक्त हे खरं घडलंय."

अशी मुलगी वर्गात भेटावी म्हणून मास्तर आयुष्यभर फळ्यापुढे उभा राहतो. नंबियारांनी मात्र काठी दुसऱ्या पुस्तकाकडे वळवली. "हे किडे, हे तर पुस्तकच नव्हे. ही इस्पितळातली बडबड. आणि हा खुनाचा बाजारू माल. साहित्य म्हणून उरलं ते बदक."

शेजारच्या चटईवर दंतवैद्यांचा ऋत्विक होता, समोर पाच जाडजूड कादंबऱ्या. प्रत्येकीत वडिलांनी टाईप करून दिलेलं रसग्रहण. मी त्याच्यासमोर बसलो.

"यातल्या कुठल्या माणसाचा तुला राग आला रे?"

त्याने वडिलांकडे बघितलं. कान लाल झाले. त्यात पोराचा काय दोष? मी हळूच विचारलं, "बरं, तुला खरंच काय वाचायला आवडतं?"

"फुटबॉल. माझ्याकडे तीन पुस्तकं आहेत, माश. एक तर गोलकीपरने स्वतः लिहिलंय."

"मग ती का नाही आणलीस?"

"बाबा म्हणाले, ती पुस्तकं नव्हेत."

हे ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. कुणी ठरवलं हे? मूल ज्या पानावर श्वास रोखतं, ते पान खरं की रचलेलं, याची चौकशी करणारे आपण कोण?

आत गेल्यावर मी नंबियारांना हेच विचारलं.

"माश, आवाज खाली करा. वाचनालयाची काही पातळी आहे."

"पातळी? त्या पोराने एकही कादंबरी उघडलेली नाही!"

"निवड तर उत्तम आहे ना?"

तिसरी परीक्षक पुष्पवल्ली. ती वाचनालयात नोकरी करते. दर बुधवारी पिशवी खांद्याला लावून घरोघरी बायकांना पुस्तकं पोचवते. ती खाली मान घालून म्हणाली, "माश, वाद नको. अध्यक्ष म्हणतात तसं होऊ दे."

झालं. ऋत्विकला मोठं कपाट मिळालं आणि त्याने आनंदाने उडीही मारली नाही.

जसीला रडली नाही. चटई गुंडाळत तिने मला विचारलं, "माश, कोळ्यांचं पुस्तक हे पुस्तक नसेल, तर ते वाचनालयात आणलं कुणी?"

मी तिची पाचही पुस्तकं उचलून तिच्या हातात दिली. त्या रागात दोन दिवस मला जेवणही गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र चाळत असताना जसीलाची उम्मुम्मा काठी टेकत आली. सगळं गावच या आजीला उम्मुम्मा म्हणतं. ती थेट टेबलाशी गेली.

"पुष्पवल्ली, बुधवारच्या पिशवीत माझं नाव घाल."

नंबियार आतून बाहेर आले. "उम्मुम्मा, तुम्हाला मल्याळम वाचता येतं?"

"अक्षर येत नाही. मी आपली भाषा अरबी लिपीत शिकले."

"मग पुस्तकं कशाला?"

"निवडणुकीत मतं मागायला आलात तेव्हा नाही विचारलंत, वाचता येतं का म्हणून?"

"तसं नव्हे. नियम असा की..."

"नियम असा," पुष्पवल्ली मध्येच म्हणाली. आज तिची मान वर होती. "गावातली अठरा पूर्ण झालेली कुठलीही बाई. वाचता आलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि पुस्तकं घरपोच, मोठ्या कपाटातली."

"माझी अठरा झाली असतील ना गं?" उम्मुम्माने विचारलं.

मला हसू आवरेना. नंबियार आत गेले आणि पंखा मोठा केल्याचा आवाज आला.

तरी माझा राग गेलेला नाही. पोरीला जे हक्काने मिळायचं, ते आजीच्या नावाने आडवाटेने घ्यावं लागलं. ऋत्विकची फुटबॉलची पुस्तकं अजून घरीच आहेत. ती घेऊन ये, असा निरोप मी त्याला धाडलाय. पुढच्या वर्षी मी परीक्षकाच्या खुर्चीवर बसणार नाही. त्याच्या आणि जसीलाच्या मधोमध माझी चटई टाकणार आहे.

गुरुवारी शाळा सुटल्यावर जसीला धावतच माझ्या दारात आली.

"माश, जवळजवळ अकरा किलोमीटर!"

"काय अकरा?"

"समुद्राची खोली. सगळ्यात खोल जागी. तुम्ही विसरला होतात ना! काल ते निळं पुस्तक उम्मुम्माला वाचून दाखवलं."

"मग? काय म्हणाली ती?"

जसीलाने आजीसारखे हात कमरेवर ठेवले. "म्हणाली, एवढं पाणी त्या नंबियारने कपाटात कोंडून ठेवलं होतं?"