निवळलेलं पाणी

अर्धी उघडलेली कॅप्सूल. सडक्या अंड्याचा वास. भिवापुरी तिखट, डब्यासकट फेकलेलं. कागदाची बोट, बुडाशी करडी. पाटीवर आठ आहे, नऊ आहे, सात नाही — सात कसा काढतात ते मुग्धा विसरली.

कॅप्सूलमधली पूड केळ्यात कालवताना अश्विनच्या डोक्यात डॉक्टरीणबाईंचं कालचं बोलणं फिरत होतं — या औषधाला गंधकाचे जणू दोन हात असतात, त्यांनी ते तुमच्या मुलीच्या रक्तातलं शिसं पकडतं, लघवीवाटे बाहेर नेतं... पण शिसं रोज नव्यानं पोटात जात राहिलं तर औषध तरी काय करणार? घरात काही काम चालतं का? — आणि तो म्हणाला होता, नाही, इतवारीत चालतं, दुकानात.

मागच्या पडवीत भट्टी होती. इतवारीतल्या सोनारांच्या दुकानांतला केर आणायचा, शिसं घालून वितळवायचा, सोन्याचांदीचे कण वेगळे करायचे; हातपाय, कपडे घरच्या टबातच धुवायचे आणि ते पाणी सांडायचं नाही, कण तळाशी बसू द्यायचे — आजोबांपासून असंच. वर पाणी कसं स्वच्छ दिसतं... मुग्धा त्यात कोपरापर्यंत हात घालायची. बोटं चोखायची.

"काहून वास घेऊन राहिले? तुम्हाले खायचं हाय का?" तो केळ्याची वाटी नाकाशी नेताना बघून पोळ्या लाटणारी त्याची बायको श्वेता हसली. किती दिवसांनी. तिनं सगळा दोष आपल्या स्वयंपाकघरात शोधला होता : हळद फेकली, तिखट फेकलं, आईनं दिलेली कल्हईची पातेली मोडीत घातली. माह्याच हातचं खाऊन झालं हे, म्हणून रडली, आणि मी — मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. हाच हात.

"घे वं माय, खाऊन घे." अश्विननं चमचा मुग्धापुढे धरला.

"मंग बोट सोडू?"

"नाही. घाण पाणी हाय ते."

"तुम्हीच तं म्हटलं, त्यात सोनं हाय!"

श्वेताची लाटणं धरलेली बोटं थांबली. "कोणतं पाणी?"

केळ्याचा चमचा मुग्धाच्या तोंडापाशी तसाच राहिला. अश्विनला हायसं वाटलं — आपल्याला सुरुवात करावी लागली नाही, तिनंच विचारलं... आणि त्या हायसं वाटण्याची अशी काही लाज वाटली, की आतापर्यंतची भीती तिच्यापुढे हलकी होती. पडवीचं दार उघडंच होतं. श्वेता तिकडे बघत होती.

टब मुग्धाच्या आंघोळीसाठी आणला होता, ती जन्मली तेव्हा.