हिल्का मावशीचा गमबूट आणि शनिवारचा सर्व्हर

हिल्का मावशीने जिल्ह्याच्या गमबूट-फेक स्पर्धेत पहिला नंबर काढला, आणि तिची नणंद सिर्का गावभर सांगत सुटली, "फेकलाय कसला! हातातून निसटला बूट." स्पर्धा शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर दाखवणार होते आणि रविवारी सिर्का कॉफीला येणार होती. मावशीला रेकॉर्डिंग हवं म्हणजे हवंच होतं.

अडचण सर्व्हरची. कार्यक्रम आपोआप साठवून ठेवणारा ताउनो काकांचा हा छोटा कॉम्प्युटर आठवडाभर इमानदारीत चालायचा, पण शनिवार संध्याकाळचं काही म्हणता काही साठवायचा नाही. मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली, म्हणून मला बोलावणं आलं. मी डिस्क बदलली, अँटेनाची वायर बदलली. मग नोंदी पाहिल्या, तर दर शनिवारी मशीन चक्क बंद पडत होतं आणि काही वेळाने आपलं आपण सुरू होत होतं.

"वीज जात असेल," मी म्हटलं.

"दिवे चालू असतात की," काका म्हणाले. "पदवी परत देऊन टाक."

"मग मावशी, तू सरळ टीव्हीसमोरच बस ना."

दोघं माझ्याकडे बघतच राहिले. शनिवारी संध्याकाळी सगळं फिनलंड सौनात, म्हणजे वाफ घेण्याच्या तापल्या खोलीत, असतं. रेकॉर्डिंग त्यासाठीच तर करायचं!

शनिवारी पहिली पाळी आम्हा बायकांची. मावशीने तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. वाफ कानाला चावली.

"ओले टॉवेल नंतर मागच्या खोलीत टाकू?" मी विचारलं.

"आज नको गं. सौना तापवला की तिथला हीटर आपोआप बंद होतो. दोन्ही एकदम चालले तर फ्यूज उडेल ना."

मी बाकावरून घसरलेच. सर्व्हर मागच्याच खोलीत होता. "मावशी, सर्व्हरची वीज कुठून घेतलीय?"

"हीटरच्याच लायनीतून. 'एवढंसं तर मशीन' म्हणाला तुझा काका."

टॉवेल गुंडाळून आम्ही धावलो.

"काका, सौना बंद करा!"

काका बाहेर बिअर घेऊन बसले होते. "वा गं! माझी पाळी व्हायचीय अजून."

"मग एक्स्टेन्शन दे, ताउनो!"

"त्यावर कॉफीचं मशीन आहे."

मावशीने ओगराळं उगारलं. कॉफीचं मशीन निघालं.

मी स्वयंपाकघरातून मागच्या खोलीपर्यंत वायर ओढली. काकांनी टीव्ही लावला. सर्व्हर डोळे चोळत उठत होता, तोवर पडद्यावर मावशी गर्रकन फिरली आणि बूट आभाळात गेला. रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा पंच टेप घेऊन पळत होते.

"गेलं," मी म्हटलं. "फेकच नाही आली."

"थांब जरा," मावशी म्हणाली.

कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. पहिल्याच रांगेत सिर्का होती. आ वासून, उड्या मारत टाळ्या पिटत होती.

"हे साठलं?" मावशीने विचारलं.

"साठलं."

"मग बूट कशाला हवाय?" असं म्हणून ती ओगराळं घेऊन पुन्हा सौनात शिरली. काकांची पाळी आणखी लांबली.