काकांचे हात आणि माझा ठिपका

आमच्या प्रयोगशाळेतल्या बॅटरीत सोडियमला काटे फुटतात. दोन बाजूंच्या मधला कागदासारखा पडदा, म्हणजे सेपरेटर, ते काटे भोसकतात आणि सेल खलास. म्हणून मी पडद्याच्या एका बाजूला सिरॅमिकचा पातळ लेप दिला. त्यात तीन वर्षं गेली, तरी माझे सेल चाळिसाव्या चार्जिंगला हटकून मान टाकायचे.

मी पक्की नीटनेटकी बाई, तेव्हा चूक माझी असणं शक्यच नव्हतं. सेल जुळवायचे आमचे तंत्रज्ञ काका, हवाबंद पेटीत, जाड हातमोज्यांतून. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, हात किंचित थरथरणारे. मी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना लेखी कळवलं की, काकांच्या हातून पडदा सरकतो. सरांनी काकांना स्टोअरमध्ये बसवलं. काका एवढंच म्हणाले, "बरं."

मग सेल मी जुळवले. तेही चाळिसाव्यालाच गेले.

मेलेले सगळे सेल मी चडफडत उघडले, काकांचेही. प्रत्येक पडद्याला भोक एकाच जागी, माझ्या ठिपक्यावर. पडदा पांढरा, लेपही पांढरा. लेपाची बाजू ओळखू यावी म्हणून तिच्यावर पेन्सिलीने ठिपका द्यायची अक्कल माझीच. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. काट्यांसाठी मी स्वहस्ते जागा धरून ठेवली होती.

ठिपक्याऐवजी, लेप वर ठेवून, लांबट पडद्याचा वरचा उजवा कोपरा जरासा छाटला. सेल चारशेच्या पुढे गेले.

सर खूश. "बघ, काकांना हलवलं ते बरं झालं."

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. तरी सगळं सांगून टाकलं.

सर थंडपणे म्हणाले, "तक्रार लेखी होती. हेही लेखी दे."

कागद घेऊन मी स्टोअरमध्ये गेले. काकांनी तो दोनदा वाचला.

"ठिपका मला दिसायचा," ते म्हणाले. "वाटायचं, विचारावं का? पण तू एवढी शिकलेली, काहीतरी विचार करूनच दिला असशील."

मला फार लाज वाटली. "काका, चुकलं माझं. उद्यापासून पेटीवर या."

"येतो की." त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"काका, तो सरांना द्यायचाय."

"त्यांना दुसरा लिही. माझ्या हातांत काही दोष नाही, असं सहीनिशी लिहिलंयस ना? तुझ्या काकूला दाखवतो. ती मला चहासुद्धा ओतू देत नाही."