उकंडाभाऊंच्या अक्षरांची शाई

मी काळ्या शाईची कार्ट्रिज बोलतेय. उमरखेडच्या एका घरात, खिडकीजवळच्या प्रिंटरच्या पोटात माझा मुक्काम. मुठीत मावेन एवढी मी. आत शाई प्यायलेला स्पंज, तळाशी बारीक छिद्रांची पट्टी, एवढाच माझा देह.

मला धम्मरत्ननं आणलं. तो घरीच लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा, मी दिवसभर छापायचे. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. त्याची आई, कौसल्याबाई, हिनं संगणकावर आणि आमच्यावर जुनी ओढणी टाकून ठेवली. माझी पट्टी सुकू लागली.

पुढे त्याच्या वडिलांना, उकंडाभाऊंना, अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर एसटीत कंडक्टर राहिलेला माणूस. आता उजवा हात लुळा, आणि तोंडातून नुसती घरघर निघे. कळायचं सगळं, वाचताही यायचं. सांगता येत नव्हतं. डाव्या हातानं ते काहीतरी दाखवत. कौसल्याबाई पाणी आणी, उशी सरकवी, पंखा वाढवी. ते मान हलवून नाही म्हणत आणि शेवटी भिंतीकडे वळत.

कौसल्याबाई अंगणवाडीत सेविका होती. मोठ्या अक्षरांत शब्द छापून त्यांच्यापुढं धरायचे, असं तिनं ठरवलं. ओढणी निघाली. पण माझ्यातली शाई संपलेली. तिनं बाजारातून शाईची बाटली आणि सिरिंज आणली, माझ्या माथ्यावरचं स्टिकर सोललं आणि घाईघाईत सगळी शाई एका दमात आत दाबली. मी तळातून गळू लागले. टेबल काळं, बोटं काळी, पदर काळा.

तिनं पुण्याला फोन लावला.

"आई, जोर नको लावू," धम्मरत्न म्हणाला. "सुई आत ने अन् हळूहळू दाब. स्पंजाले पिऊ दे. वरती शाई दिसली का थांब."

"मले काय मालूम त्याले किती तहान हाय."

"म्हणूनच थांबत थांबत भर. मंग खालून कागदानं टीप. पुसू नको, नुसतं टेकव. ठेवतो आता, मीटिंग हाय."

या खेपेला तिनं घाई केली नाही. थेंब थेंब देत गेली, मध्ये थांबून मला उजेडात धरून पाहत राहिली. इतका वेळ मला कुणी हातात धरलं नव्हतं. मी गळले नाही.

पाणी, चहा, गोळी, दुखते, उकडते. मी ठळक छापलं. उकंडाभाऊंनी एकेक कागद पाहिला आणि बाजूला सारला.

"मंग काय पाह्यजे तुमाले? मले समजून नाही राह्यलं," ती रडकुंडीला आली.

मग तिनं एका कागदावर सगळी मुळाक्षरं माझ्याकडून छापून घेतली. त्यांच्या डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरलं. 'ब'वर थांबलं, मग 'स'वर.

"बस? गाडीत जायचं हाय? कुठं जाता आता अशात?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा तीच दोन अक्षरं दाखवली आणि डावा हात खाटेच्या काठावर थोपटला.

ती उभीच राहिली. आजारपण आल्यापासून ती घरभर पळत होती, त्यांच्याजवळ नुसती टेकली नव्हती. मग ती खाटेवर बसली. त्यांनी डोळे मिटले. चुलीवरचा चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

त्यानंतर पुष्कळ कागद निघाले. ती मला हळूच भरायची, मी छापायचे, ते बोट ठेवायचे. होळीनंतर उकंडाभाऊ गेले.

आता घरात छापायला काही नाही. परवा फोनवर धम्मरत्न म्हणाला, "आई, देऊन टाक तो प्रिंटर भंगारात."

"राहू दे. शाई हाय अजून त्यात."

"कोणासाठी?"

तिनं पदरानं प्रिंटरवरची धूळ पुसली. थोड्या वेळानं तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

खरं आहे, माझ्यात शाई आहे, पण वापरावाचून ती घट्ट होत चाललीय. मला नवी भर नको. अधूनमधून एखादं पान काढा, तेवढं पुरे. आणि धम्मरत्न, जमलं तर ते पान तुझ्या आईजवळ बसून काढ.